सव्वा मूठ

नागपंचमीनंतरच्या रविवारी
आमच्या घरात माणसं मोजतात.

मोजते माय. डोळ्यांत मोतीबिंदू, पण मूठ चुकत नाही.
सुपात गहू, एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ:
झुलालदादा, त्याचे दोघे, काका, काकाचा भिला,
भिलाचा तान्हा, ज्याला अजून दात नाहीत,
मग मी.
माझ्या नावाशी ती जरा थांबते.
वरची पाव मूठ बोटांतून सांडते, पुन्हा वेचून घेते.
"तू मानस का नही मानस," म्हणते, "मूठ तं तुनी शे."

मी पारोळ्याला जळालेल्या मोटारी बांधतो.
तांब्याची तार, वेढे मोजून.
वेढा चुकला तर मोटार नवसानं फिरत नाही,
एवढंच एकदा पानटपरीवर बोललो
आणि नास्तिक मिस्तरी झालो.
गिऱ्हाईक तुटलं नाही, हेही सांगायला हवं.
दुरुस्त मोटारीला दुकानातच लिंबू-मिरची बांधतात,
दोरा नसला तर मी देतो.
कुणी विचारतं, शॉक बसला की तोंडातून काय निघतं रे?
"ओ माय" निघतं.
तिथं देव नाही,
पण जागा रिकामी आहे असंही म्हणवत नाही.

कानबाईच्या मांडवातली दिव्यांची माळ दरसाल माझ्याकडे.
विजेला भाव लागत नाही, अर्थिंग लागतं.
केळीच्या खांबांमधून वायर ओढताना
मी देवीच्या इतका जवळ असतो
की नारळावरचं काजळ ओलं आहे हे मलाच आधी दिसतं.

यंदा ते काजळ कोकिळानं रेखलं.
शिरपूरहून दोन एस्ट्या बदलून आली, उपाशी.
नथ तिनं अडकवली, रात्रभर गाणी तिनंच उचलून धरली,
आवाज बसला तेव्हा टाळीवर गायली.
मी फ्यूजपाशी बसून ऐकत होतो.
मला गाणी पाठ आहेत. सगळी.
हे मी पानटपरीवर सांगत नाही.

पहाटे ती मागच्या दारी आली, तळहात लाल.
म्हणाली, "दादा, तुना भरोसा नही,
तरी तुनी मूठ शे.
मना एवढा भरोसा, मनी मूठ कोठे शे?"

देव का नाही, याची माझ्याकडे अकरा कारणं आहेत,
मॅट्रिकपासून जमवलेली.
त्यातलं एकही पुढं आलं नाही.

मी आत गेलो. माझ्या वाट्याचा रोट घेतला,
निंबाखाली येऊन मोडला, अर्धा तिच्यापुढं धरला.
दिलेल्या लेकीला रोट चालत नाही.
मला वाटलं, हे तरी मला जमेल,
न मानणाऱ्याचा एवढा तरी उपयोग.
ती दोन पावलं मागं सरली.
"तुले काय," म्हणाली, "तुनं काय तुटस?"

खरंच, माझं काय तुटलं असतं?
तिला माझा तुकडा नको होता.
तिला सुपात स्वतःचं नाव ऐकायचं होतं,
मायच्या तोंडून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मोजलेलं.

उरलेला रोट खड्ड्यात जातो,
हात धुतलेलं पाणीसुद्धा.
मी दोन्ही अर्धे खाल्ले. भोपळ्याच्या भाजीशी.
घास फिरत होता, पण खाल्ले.

सोमवारी बोरीकडे मिरवणूक निघाली.
पाटलाच्या वळणावर सर्व्हिस वायर लोंबते,
म्हणून मी दरसाल सुका बांबू घेऊन पुढं असतो.
वायर उचलून धरली.
कोकिळाच्या डोक्यावर कानबाई होती,
फुलांचं छत्र वायरीपासून वीतभर.
मागून बाया फुगड्या घालत येत होत्या,
कुणीतरी माझ्याही कपाळाला गुलाल फासला,
दोन्ही हात अडकलेले, पुसणार कसा.

खालून जाताना तिनं वर पाहिलं.
वायरकडं की माझ्याकडं, कळलं नाही.
मागं माय होती, भिलाचा हात धरून.
"धर रे नीट," म्हणाली,
आणि चालता चालता तिचे ओठ हलत होते,
मोजल्यासारखे.
कुणाला मोजत होती, विचारायचं राहिलं.